एकट्याला न पेलणारं गणित



आषाढी वारीत जगद्गुरू तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याने यवतला येते. काळभैरवनाथाच्या देवळात पालखी विसावते आणि पिठलं-भाकरीच्या पंगती सुरू होतात. मोठमोठ्या कढया चुलाणांवर चढतात, घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी येत राहतात. दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडच्या वाटेला लागते. या एका रात्रीमागे केवढा हिशोब असतो, हे यवतकरांना सांगायला नको. बेसन किती भिजवायचं, पाणी किती धरायचं, कुठल्या आळीने किती भाकऱ्या द्यायच्या, सरपण कधी आणून टाकायचं. यातलं सगळं कुणा एकाला ठाऊक नसतं. आचाऱ्याचा अंदाज, गेल्या वर्षीची वही, थोरल्या बायकांचा अनुभव, पोरांची धावपळ हे सगळं जुळतं तेव्हा पंगत उठते.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे वर्गात मुलांनी मिळून गणित सोडवणं. ज्या गावाला मिळून हिशोब करायची एवढी सवय आहे, त्या गावाच्या शाळेत गणिताच्या तासाला मात्र प्रत्येक मूल आपल्या वहीवर हाताचा आडोसा धरून बसलेलं दिसतं. हे यवतपुरतं खरं नाही, महाराष्ट्रभर हेच चित्र आहे. शेजाऱ्याशी बोलणं म्हणजे नक्कल, ही समजूत गणिताच्या तासाला जितकी घट्ट असते तितकी इतर कुठल्याच तासाला नसते.

समजा, सहावीच्या वर्गात शिक्षकांनी एवढंच विचारलं: पाच हजार वारकऱ्यांना जेवू घालायचं, तर किती बायकांनी किती वेळ भाकऱ्या थापायच्या? चौघांचा एक गट. पुस्तकातल्या उदाहरणात असते तशी माहिती इथे दिलेली नाही. मुलं आधी गोंधळतील, मग विचारतील, “सर, एकाला किती भाकऱ्या?” शिक्षकांनी उत्तर द्यायचं नाही. एक गट दोन धरेल. दुसऱ्या गटातली मुलगी म्हणेल, दिवसभर चालून आलेल्या माणसाला दोन कशा पुरतील, तीन तरी लागतील. एका तव्यावर एक भाकरी किती वेळात होते, हे कुणीतरी घरी जाऊन घड्याळ लावून बघेल. तीन मिनिटं धरली तर तासाला २० भाकऱ्या. माणशी दोन प्रमाणे १०,००० भाकऱ्यांना ५०० तास. चार तासांत काम उरकायचं तर १२५ बायका, तितकेच तवे. माणशी तीन धरल्या तर १५,००० भाकऱ्या, ७५० तास आणि चारने भागलं की १८७.५. इथे एखादा मुलगा अडेल, कारण अर्धी बाई कुठून आणायची? मग १८८ म्हणायचं की १८७ बायकांनी थोडा जास्त वेळ थापायचं, यावर वाद होईल. भागाकारात उरलेल्या बाकीचं करायचं काय, हा प्रश्न पुस्तकात जसा कोरडा वाटतो तसा इथे वाटत नाही.

पिठाचा हिशोब तर आणखी रंगतो. एकीच्या घरी किलोभर पिठाच्या आठ भाकऱ्या होतात, दुसरीची आजी पातळ थापते म्हणून दहा. दहा हजार भाकऱ्यांना एकीच्या हिशोबाने १,२५० किलो पीठ लागतं, दुसरीच्या हिशोबाने १,००० किलो. म्हणजे अडीचशे किलोंचा फरक, पन्नास किलोंची पाच पोती. भाकरीच्या जाडीतला एवढासा फरक दहा हजारांनी गुणला की पाच पोत्यांचा होतो, हे ज्या मुलीने स्वतः काढलं तिला गुणोत्तर-प्रमाण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथवर वर्गात गलका असतो. शिक्षकाचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. सगळ्या गटांची उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी मांडायची. उत्तरं वेगळी का आली ते मुलांकडूनच वदवून घ्यायचं. कुणाचा गुणाकार चुकला आणि कुणी गृहीत वेगळं धरलं, यातला भेद दाखवायचा. मग विचारायचं, उद्या वारकऱ्यांची संख्या बदलली तर दर वेळी पहिल्यापासून सगळं करायचं का? या प्रश्नातून माणसांसाठी एक अक्षर येतं, भाकऱ्यांसाठी दुसरं, आणि बीजगणित वर्गात येतं.

हा शेवटचा टप्पा गाळला तर सगळी मेहनत वाया जाते. याला भक्कम पुरावा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी बिनचूक करतात, पण तोच हिशोब शाळेतल्या पद्धतीने कागदावर मांडला की अडखळतात, असं त्यात दिसलं. उलट बाजूही तितकीच बोलकी होती. शाळेत जाणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांना पुस्तकी उदाहरणं जमत होती, पण बाजारातला हिशोब जमत नव्हता. व्यवहाराचं गणित आणि वहीतलं गणित आपोआप एकमेकांना भेटत नाहीत. त्यांची गाठ शिक्षकाला घालून द्यावी लागते आणि त्यासाठी वर्गात बोलणं व्हावं लागतं. ज्याला तोंडी येतं आणि ज्याला लेखी येतं ती दोन मुलं एका गटात आली, तर दोघांनाही एकमेकांकडून काही घेण्यासारखं असतं.

आपल्याकडे मुलांनी एकत्र गणित करण्याची परंपरा नव्हती असं नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळी पोरं एका सुरात म्हणत. थोरला विद्यार्थी धाकट्यांना अक्षरं गिरवायला लावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधल्या अनाथाश्रमाच्या शाळेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत मांडली, तीही इथल्या देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरं गिरवताना पाहून. पुढे इंग्लंडमध्ये तिचा मोठा प्रसार झाला. कमी खर्चात शेकडो मुलं शिकवता येत, म्हणून राज्यकर्त्यांना ती आवडली. पंतोजींच्या शाळांनी पाठांतर पक्कं करून घेतलं आणि ते त्या काळच्या व्यापाराला, वतनदारीला, सावकारीला उपयोगी पडलं. मात्र त्या सुरात प्रश्न विचारायला जागा नव्हती. सगळे एकच गोष्ट एकाच वेळी म्हणत होते. मिळून सोडवण्यात प्रत्येकाला वेगळं काही सांगायचं असतं आणि दुसऱ्याचं ऐकून आपलं बदलावं लागतं.

आजची परिस्थिती काय आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्क्यांना हातच्याची वजाबाकी येत होती आणि पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. २०२२पेक्षा हे आकडे सुधारले आहेत, ही चांगली गोष्ट. तरी पाचवीतल्या दहांपैकी सात मुलांना भागाकार येत नाही, हे डोळ्यांआड करता येत नाही. ज्यांना येत नाही त्यांना आणखी वीस भागाकार घरून करून आणायला सांगणं हा नेहमीचा उपाय. जे जमत नाही तेच एकट्याने बसून पुन्हा करायचं. यातून मूल एवढंच शिकतं की हा विषय आपला नाही.

सराव मिळूनही कसा करता येतो, ते पाहायला आता एका महाराष्ट्रीय शाळामास्तराकडे वळू. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ अशी सगळी नोकरी त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवण्यात घालवली. संशोधनाची कोणतीही मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला आणि १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच थांबतं.

३५२४ घेऊन पाहू. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत काम झालं.

वर्गात हे सहसा गंमत म्हणून सांगून सोडून दिलं जातं. पण सातवी-आठवीच्या वर्गाला पूर्ण आठवडा पुरेल एवढा ऐवज त्यात आहे, आणि तो एकट्याने उपसता येणारा नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल आपापली संख्या घेतं. चाळीस मुलं, चाळीस संख्या. बहुतेकांना ६१७४ सापडतं, दोघा-तिघांना सापडत नाही. त्यांच्या वजाबाक्या शेजारी तपासतो. कुणी २१११ घेतलेलं असतं. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता ९९९चे अंक कसेही फिरवले तरी ९९९च, वजाबाकी शून्य. “सर, तुमचा नियम चुकीचा आहे!” शिक्षकांसाठी हा सोन्यासारखा क्षण. उत्तर न सांगता त्यांनी हा दावा फळ्यावर लिहायचा. वर्गात भांडण जुंपतं. अखेर कुणीतरी म्हणतं, आपण चार अंकी संख्यांचा खेळ खेळतोय, मग ते ०९९९ आहे. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे पहिलीपासून ऐकलेलं वाक्य कधी लागू पडतं आणि कधी नाही, याचा फैसला मुलं स्वतः करतात.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न: सगळ्याच संख्यांचं असं होतं हे कशावरून? चार अंकी संख्या ९,०००, त्यातल्या चारही अंक सारखे असलेल्या नऊ सोडल्या तर ८,९९१. एवढ्या तपासायला वर्गाला महिना लागेल. इथे बीजगणित मदतीला येतं. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर पहिली वजाबाकी ९९९ गुणिले (अ − ड), अधिक ९० गुणिले (ब − क) एवढी येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे. अ आणि ड यांतला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो, आणि मधल्या दोन अंकांतला फरक शून्यापासून त्या पहिल्या फरकापर्यंत. मोजून पाहिलं तर अशा जोड्या ५४ होतात, जास्त नाहीत. जवळजवळ नऊ हजार संख्यांचा डोंगर ५४वर आला.

चौपन्न म्हणजे नऊ गटांना प्रत्येकी सहा. प्रत्येक गटाने आपल्या सहा जोड्या घ्यायच्या, ६१७४पर्यंत न्यायच्या आणि शेजारच्या गटाकडून तपासून घ्यायच्या. नवव्या गटाचं काम पुरं झालं की सिद्धता पुरी झाली. त्या वर्गाने एक प्रमेय सिद्ध केलेलं असतं आणि त्यात प्रत्येक मुलाची वजाबाकी कामी आलेली असते. सराव म्हणाल तर प्रत्येक गटाकडून वीस-पंचवीस वजाबाक्या झालेल्या असतात, हातच्यांसकट, आणि एकानेही कंटाळून पेन ठेवलेलं नसतं. गटात गणित करणं म्हणजे सराव टाळणं, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

गटाला काम करायला लावण्याचं बळ प्रश्नातच असावं लागतं. बाकं समोरासमोर लावली, चौघांना बसवलं आणि पुस्तकातली नेहमीची दहा उदाहरणं दिली, तर हुशार मूल सोडवतं आणि तिघं उतरवून घेतात. प्रश्न असा हवा की कामाचा बोजा एकट्याला उचलता येणार नाही, त्याला एकाहून जास्त वाटा असतील आणि उत्तर बरोबर की चूक हे मुलांना स्वतः पारखता येईल. भाकऱ्यांच्या आणि कापरेकर गुरुजींच्या प्रश्नांत हे तिन्ही गुण आहेत.

याबाबतचा एक अनुभव अमेरिकेतला आहे. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइझमन यांना एक कोडं पडलं. कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत. गरिबी, घरचं वातावरण, तयारीचा अभाव अशी कारणं सहकाऱ्यांनी सुचवली. ट्राइझमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि सुमारे दीड वर्ष ते अभ्यास कसा करतात ते त्यांच्या खोल्यांत जाऊन पाहिलं. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, सांगितलेले तास नेमाने भरत होते, पण एकटे बसत होते. कुठे अडलं तर ते फक्त आपल्यालाच अडतंय, असं त्यांना वाटे. चिनी विद्यार्थी आधी एकटे काम करत, मग एकत्र जमून उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइझमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या, पण त्या कच्च्या मुलांच्या शिकवण्या नव्हत्या. त्यांनी मुद्दाम नेहमीपेक्षा अवघड प्रश्न दिले आणि ते गटात सोडवायला लावले. त्या कार्यशाळांतल्या विद्यार्थ्यांचे निकाल इतके सुधारले की अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ती पद्धत उचलली. ज्यांना येत नाही त्यांना सोपं द्यावं, या सर्वमान्य समजुतीला या अनुभवाने धक्का दिला.

जपानमध्ये हीच गोष्ट शाळेच्या रोजच्या तासात उतरली आहे. १९९५च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासात जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणित-तासांचं चित्रीकरण झालं. त्यावर जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९मध्ये पुस्तक लिहिलं. जपानी तासात बहुधा एकच मोठा प्रश्न असतो. मुलं काही वेळ एकटी झगडतात, मग शेजाऱ्याशी बोलतात. शिक्षक वर्गात फिरत कुणाची रीत कोणती ते टिपतात आणि कुणाला आधी फळ्याकडे बोलवायचं ते ठरवतात. शेवटी सगळ्या रीती शेजारी शेजारी ठेवून चर्चा होते आणि तास संपेपर्यंत फळा पुसला जात नाही. आपल्याकडे फळा सतत पुसला जातो, आणि त्याबरोबर मुलाने कसा विचार केला त्याची खूणही पुसली जाते.

फळ्याबाबतचा आणखी एक प्रयोग. कॅनडातले पीटर लिलयेडाल यांनी पुष्कळ वर्गांत पाहिलं की वहीवर लिहिताना मुलं सुरुवात करायलाच बिचकतात, पण तिघा-तिघांच्या गटांना भिंतीवरच्या पुसता येणाऱ्या फळ्यासमोर उभं केलं की लगेच लिहू लागतात. चूक पुसता येते, म्हणून धाडस वाढतं. गट चिठ्ठ्या टाकून पाडले की मुलं ते निमूट मान्य करतात. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाच्या भिंतींवर मुलांच्या हाताला येतील असे फळे केले, फरशीवर संख्यारेषा आणि आकृत्या रंगवल्या, मुलांना जमिनीवर गटांत बसवून कामाला लावलं. राज्यभरातून हजारो शिक्षक तिथे पाहायला गेले आणि २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे त्या कामाची मोठी प्रेरणा होती. आजही अनेक जिल्हा परिषद शाळांत ते फळे आहेत. काही ठिकाणी ते सुविचार लिहायला वापरले जातात. त्यांवर मुलांची गणितं पुन्हा दिसायला हवीत.

आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात या विचाराची दोन ठिकाणं आहेत. पहिलं वाबळेवाडी. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचं नाव गावकऱ्यांच्या सहभागामुळे सर्वदूर गेलं. तिथले तेव्हाचे मुख्याध्यापक दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. ‘विषयमित्र’ पद्धतीसाठी ती शाळा ओळखली जाते. वेगवेगळ्या इयत्तांतली मुलं एकमेकांना शिकवतात आणि एकमेकांकडून शिकतात. २०२५मध्ये या शाळेला जागतिक पातळीवरच्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, ही आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांची नेहमीची अडचण. विषयमित्र पद्धतीत वेगवेगळ्या वयाची मुलं एका खोलीत असणं हीच सोय होते.

दुसरं ठिकाण पाबळ. वैज्ञानिक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करत शिकायचं, गावाला लागणाऱ्या वस्तू बनवायच्या, त्यांचा खर्च काढायचा, हा तिथला शिरस्ता. त्रिकोणांच्या सांगाड्याचे घुमट, म्हणजे डोम, ही विज्ञान आश्रमाची ओळख बनली. असा डोम म्हणजे नववी-दहावीच्या गटासाठी तयार प्रश्न आहे. साध्या प्रकारच्या अर्धगोल डोमला ६५ पट्ट्या लागतात: ३० आखूड आणि ३५ लांब. आखूड पट्टी त्रिज्येच्या ०.५४६ पट, लांब पट्टी ०.६१८ पट. त्रिज्या २ मीटर धरली तर आखूड सुमारे १.०९ मीटर, लांब सुमारे १.२४ मीटर. बाजारात पाइप सहा मीटरचा मिळतो. कमीत कमी किती पाइप आणायचे?

सरळमार्गी गट लांब पट्ट्या वेगळ्या कापेल: एका पाइपात चार, म्हणजे नऊ पाइप. आखूड पाच-पाच, म्हणजे सहा पाइप. एकूण १५. दुसरा गट म्हणेल, चार लांब आणि एक आखूड असं कापू. हिशोब ६.०५ मीटरवर जातो, पाच सेंटिमीटर कमी पडतात. तीन लांब आणि दोन आखूड मात्र ५.९० मीटरमध्ये बसतात. असे नऊ पाइप आणि दोन लांब, तीन आखूड असे चार पाइप कापले, की ३५ लांब आणि ३० आखूड पट्ट्या नेमक्या मिळतात. तेरा पाइप पुरले, दोन वाचले. मग तिसऱ्या कुणीतरी विचारायला हवं, बारांत का होणार नाही? एका पाइपातून पाचपेक्षा जास्त पट्ट्या निघत नाहीत आणि ६५ भागिले पाच म्हणजे तेरा, म्हणून. ही सिद्धता आहे. आणि मापात चूक झाली तर ती शिक्षकाने लाल शाईने दाखवायची गरज उरत नाही, सांगाडा जुळतच नाही.

आता गटात काम करण्यातल्या जोखमीबद्दल. गट केला म्हणजे सगळे समान झाले, असं होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं की गटात कुणाचं बोलणं ऐकलं जातं हे पुष्कळदा समाजातल्या प्रतिष्ठेवर ठरतं. आपल्या वर्गात खडू कुणाच्या हाती असतो ते पाहावं. बहुधा एखाद्या मुलाच्या हाती. मुलगी सुबक अक्षरात उत्तर उतरवून घेते. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेलं मूल कडेला असतं. जातीच्या ज्या भिंती गावात आहेत त्या चौघांच्या वर्तुळातही उभ्या राहू शकतात. हे आपोआप मिटेल अशी आशा धरणं म्हणजे त्या मुलांना दुसऱ्यांदा बाहेर ठेवणं. इलाज शिक्षकाच्या हातात आहे. गट चिठ्ठ्यांनी पाडावेत. खडू दर पाच मिनिटांनी पुढच्या हातात जावा. गटाची रीत सांगायला कोण उठणार हे आधी ठरलेलं नसावं. शिक्षक कुणाकडेही बोट दाखवतील, म्हणून प्रत्येकाला समजेपर्यंत गटाने थांबावं. आणि गप्प मुलाने मोलाचं काही केलं, मग ते नुसतं अचूक मोजमाप का असेना, तर शिक्षकाने ते सगळ्यांसमोर नेमक्या शब्दांत सांगावं.

रॉबर्ट स्लाव्हिन यांनी सहकार्याने शिकण्यावरच्या अनेक अभ्यासांचा ताळेबंद मांडला तेव्हा दोन अटी पुढे आल्या. गटाचं ध्येय सामाईक हवं आणि प्रत्येकाचं शिकणं वेगळं तपासलं जायला हवं. म्हणून गटाचं काम संपल्यावर शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने एक छोटं उदाहरण सोडवावं. त्या चिठ्ठ्या संध्याकाळी चाळल्या की उद्या कुणाकडे जायचं ते शिक्षकांना कळतं.

पालक आणि शिक्षक दोघेही विचारतात, एवढा वेळ दिला तर पोर्शन कसा पुरा होणार? शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर असते. ही काळजी खरी आहे आणि तिला उडवून लावू नये. पाढे पाठ हवेत, उभी मांडणी हातात बसलेली हवी, त्याला रोजचा वेळ द्यावाच. आठवड्याच्या सहा-सात तासिकांतल्या दोन अशा प्रश्नांना दिल्या तरी बाकीच्या तासिका सरावाला उरतात. शिवाय शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेत मुलं अडतात ती बहुधा आकडेमोडीत नव्हे. प्रश्न वाचून काय करायचं ते ठरवता न आल्याने अडतात. ते ठरवायचा सराव वर्गात दुसरीकडे कुठे होतो?

यवतसाठी आजचं म्हणणं एवढंच आहे. शाळांच्या प्रत्येक केंद्रात शिक्षण परिषद होते. तिथे परिपत्रकांचं वाचन होतं, माहितीचे तक्ते भरले जातात. त्या परिषदेतला एक तास गणिताच्या खऱ्या तासाला द्यावा. यजमान शाळेतल्या एका शिक्षकाने प्रश्न घेऊन वर्गात उभं राहावं, बाकीच्यांनी मागे भिंतीशी. शिकवणाऱ्याचं मूल्यमापन करायचं नाही. प्रत्येक पाहुण्या शिक्षकाने एक गट वाटून घ्यायचा आणि कोण बोललं, कोण गप्प राहिलं, पहिली चूक कुठे झाली आणि ती कुणाच्या ध्यानात आली, एवढंच टिपायचं. जपानी शिक्षक पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत आणि त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. प्रश्न इथल्याच मातीत मिळतील. टनभर उसाला शंभर ते एकशेवीस किलो गूळ पडतो, मग एका आदणाला लागणारा ऊस किती? मुठा कालव्याचं आवर्तन आठ दिवस लांबलं, तर एकरभर उसाला काय फरक पडतो? पुणे-दौंड गाडी रोज पकडणाऱ्या माणसाचे वर्षाचे किती तास प्रवासात जातात, आणि पासामुळे किती पैसे वाचतात?

वर्षभरात असे दहा तास झाले, तर प्रत्येक केंद्राकडे दहा तपासलेले प्रश्न आणि त्यांवरची मुलांची उत्तरं जमतील. ती एका वहीत उतरवावीत, चुकलेल्या रीतींसकट, आणि जूनमध्ये शाळा उघडताना ती वही नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हातात द्यावी. पहिला प्रश्न म्हणून कापरेकर गुरुजींची वजाबाकी घ्यायला हरकत नाही. त्यासाठी लागतात नऊ गट, नऊ खडू आणि दोन तासिका.